चाळीस पिंपं

"उघडा बूच, काका. बाईंना दाखवा तुमची कमाल," मॅनेजर म्हणाला.

मी पाना लावून बूच फिरवलं.  

समोर गोदामात चाळीस निळी पिंपं चार ओळींत उभी होती. परवाच बोटीतून उतरली होती. कागद म्हणत होता, आत फळबागेवर फवारायचं साधं औषध आहे, आपल्याकडे चालणारं. पण सरकारी तपासणीच्या बाईंना संशय आला होता. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या पिंपांवरची लेबलं अशी कोरी करकरीत कशी?

त्यांच्याकडे एक यादी होती, पुष्कळ देशांनी मिळून केलेली. यादीतलं विष दुसऱ्या देशाला पाठवायचं तर आधी त्याला विचारायचं. तो नको म्हणाला तर पाठवायचं नाही. त्यातल्या एका औषधाला आपल्या सरकारने नको म्हटलं होतं, आणि तेच नवं लेबल लावून आलंय अशी बाईंची शंका होती.

"नमुने प्रयोगशाळेत जातील. अहवालाला नऊ दिवस," बाई म्हणाल्या. "तोवर माल अडवायचा की नाही, ते मला आज ठरवायचंय."

"नऊ दिवस? अहो, उद्या सकाळी बाटल्यांची भरणी लावलीय आम्ही!" मॅनेजरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे काका आहेत ना. एकतीस वर्षं हेच करतायत. तुमच्या त्या औषधाला सडक्या लसणीचा वास असतो. काकांना लांबून कळतो."

"खरंय मॅडम," फोर्कलिफ्टवाला लांबूनच ओरडला. "माझ्या डब्यात कालची भाजी आहे, हे डबा उघडायच्या आधी सांगतात. बायको घाबरते यांना."

बाई हसल्या नाहीत. "सांगा काका," त्या म्हणाल्या. "पण नीट सांगा."

मी पुठ्ठ्याची पट्टी बुचाच्या भोकातून आत टेकवली, बाहेर काढली, नाकापासून हातभर लांब धरून दोनदा हलवली. माझी पद्धत हीच. जवळ नेऊन हुंगणारे दोघे माझ्या डोळ्यांदेखत गेले.

काहीच नाही. भिंत हुंगावी तसं.

माझं नाक जाऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडत आली, "अहो, गॅस चालू राहिलाय, घरभर वास सुटलाय आणि तुम्ही बसलाय काय!" मी गॅसच्या शेजारीच बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं जे हुंगलंत त्यानेच खाल्लं नाक. परत येणार नाही.

गोदामात मी बोललो नाही. नाक नसलेल्या माणसाला तिथे कोण ठेवणार? मला अक्षरओळखही नव्हती. मग लेकीला म्हटलं, मला वाचायला शिकव. ती हसली, "बाबा, आता परीक्षेला बसणार की काय?" पण शिकवलं तिने. तोवर पिंपांचे रंग आणि खुणा बघून भागवलं. सहा महिन्यांत मला लेबल वाचता यायला लागलं. पिंपाकडे जाताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचायचं, पट्टी हलवायची, थोडं थांबायचं आणि नाव सांगायचं. सगळे म्हणायचे, वा काका!

एकदाच अडलो. गेल्या थंडीत एका पिंपाचं लेबल ओलीने गळून पडलं होतं. मी पट्टी हलवली आणि म्हणालो, चालेल. तिसऱ्या दिवशी भरणीवरच्या मावशी कोसळल्या. तोंडाला फेस, डोळ्यांना धार. महिन्याने परत आल्या, पण अजून त्यांच्या हातातला कप बशीवर वाजतो. ते त्याच पिंपाचं होतं का, मला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चहाच्या सुट्टीत मात्र मी त्यांच्यापासून लांब बसतो. तो आवाज ऐकवत नाही.

"काय काका?" मॅनेजरने विचारलं.

"दुसरं बघतो."

दुसऱ्याचं बूच काढलं. पट्टी हलवली. कुणाच्या चेहऱ्यावरून काही कळतं का म्हणून पाहिलं. बाईंच्या तोंडावर मास्क होता, मॅनेजरच्या नाकाला रुमाल, फोर्कलिफ्टवाला दारापाशी. चाळीस पिंपांसमोर उघड्या नाकाचा मी एकटाच, आणि त्या नाकाचा उपयोग शून्य.

"तिसरं," मी म्हणालो. पाठीवरून घाम उतरत होता.

तेवढ्यात पलीकडच्या शेडमधून बाटल्या धुण्याचा आवाज आला आणि एक हसणं. ते हसणं मी कुठेही ओळखीन. माझी लेक तीन महिन्यांपूर्वी भरणीवर लागली होती. मीच शब्द टाकला होता. उद्या सकाळी या पिंपांना नळी लागणार, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती बसणार.

तिसरी पट्टी मी आत बुडवून बाहेर काढली, पण हलवलीच नाही. गडबडीत शर्टाच्या खिशात कोंबली.

"काका, बोला ना," मॅनेजर हसत म्हणाला. "बरं आहे म्हणा आणि मोकळं करा बाईंना."

"माझं नाक मेलंय, बाई," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली."

मॅनेजरचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "सर्दी झालीय त्यांना. काका, वाफ घ्या जरा आणि—"

"सर्दी नाही. मला कशाचाच वास येत नाही. लेबल वाचून सांगत होतो मी. आणि आता लेबलच खरं आहे की नाही, हे तुम्ही मला विचारताय."

 मॅनेजर माझ्या कानाशी आला. आवाज अगदी मऊ होता. "उद्यापासून कुठे जायचं, ते ठरवलंय ना?"

बाईंनी वही उघडली. "या दोन वर्षांत किती पिंपं तुमच्या सांगण्यावर सोडली?"

"मोजली नाहीत."

त्यांनी ते लिहिलं. लिहिताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्याचंच जास्त भय वाटलं. मग म्हणाल्या, "माल अडवलाय. प्रत्येक पिंपावर तसं लिहायला हवं. कोण लिहील?"

मॅनेजर दोन पावलं मागे सरला.

"मी लिहितो," मी म्हणालो.

"येतं लिहायला?"

"हळू येतं. काय लिहू?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "आत काय आहे माहीत नाही. हात लावू नये."

फोर्कलिफ्टवाल्याने खडूंचा डबा आणून दिला. नाकातोंडाला फडकं बांधून, डबा धरून तो माझ्याबरोबर ओळीतून चालला. एकदाही चेष्टा केली नाही. पहिल्या पिंपावर माझी अक्षरं उतरत उतरत खाली गेली. दहाव्यापर्यंत जरा सरळ झाली. 'माहीत नाही' हे शब्द मी त्या दिवशी चाळीस वेळा लिहिले. त्या गोदामात एकतीस वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

पाळी सुटली तेव्हा मी फाटकाजवळच्या नळापाशी उभा होतो. बातमी शेडमध्ये पोचली असणारच. लेक धावतच आली, आणि चार पावलांवर थबकली.

"बाबा, हा वास कसला?"

"कसला?"

तिने नाक आक्रसलं. "लसणीसारखा. सडलेल्या. तुमच्या शर्टाला येतोय."

माझा हात खिशाकडे गेला. पट्टी अजून ओली होती. खिशाचं कापड छातीला चिकटलं होतं, आणि ते केव्हापासून ओलं होतं ते मला कळलंच नव्हतं. मी बटणं काढायला लागलो. बोटांना ती सापडेनात. लेक मदतीला पुढे आली.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

ती जागीच थांबली. तिच्या मागून मावशी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि नळाची चावी धरली. त्यांच्या हातात ती टकटक वाजत राहिली.

"मावशी," मी म्हणालो, "गेल्या थंडीतलं ते पिंप—"

"आधी धुऊन घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. पाणी सुटलं.