उरेब चाल

सुनेला घरात येऊन वर्ष होत आलं तरी तिला धड चालता येत नाही, अशी बाईंची तक्रार होती. कॉलेजात गणित शिकवते म्हणे, आणि शिवणाच्या दालनात पाऊल टाकलं की दारातून थेट समोरच्या कोपऱ्याकडे, तिरकी. बाईंच्या दालनात तसं कुणी चालत नसे. पडदे शिवणाऱ्या बायका, कटिंग मास्तर, खुद्द बाई, सगळे फरशीच्या ओळीने सरळ जात आणि काटकोनात वळत. मधोमध कापायचं मोठं टेबल होतं म्हणून सुनेचं आजवर निभावलं. ते आडवं आलं की तिलाही वळावंच लागे.

आज टेबल रंधा मारायला सुताराकडे गेलं होतं. दालन पहिल्यांदाच मोकळं दिसत होतं आणि बाईंना ते बघवत नव्हतं. बायका बाहेर जेवायला बसल्या होत्या.

"आई, मी लांबीने मधोमध जाऊन आले, काही नाही," सून म्हणाली. "रुंदीने गेले, तरी काही नाही. गार नाही, गरम नाही."

"झालं ना मग समाधान? हो बाजूला."

"झालं कसं? दोन दिशांना काही बदलत नाही म्हणून तिसरीकडेही बदलणार नाही, असं नसतं. तुमचंच कापड घ्या. उभा धागा ओढा, आडवा ओढा, ढिम्म हलत नाही. उरेब, म्हणजे तिरकं धरून ओढलं की लांबतं."

"मला कापड शिकवतेस?"

"तुमच्याकडूनच शिकले. तिरकं न चालण्याचा तुमचा नियम मला खुळा वाटत नाही, आई. म्हणून तर बघायचंय."

आजवर त्या नियमाला सगळे हसून मान देत आले होते. खरा मानणारी ही पहिलीच निघाली, आणि नेमकं त्यामुळेच बाई दाराच्या कोपऱ्यात सरकल्या. नियम त्यांना सासूकडून मिळाला होता, कारण मिळालं नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

सुनेने खडू लावलेला दोरा दाराच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणला, टणकन सोडला आणि उमटलेल्या निळ्या रेघेवरून निघाली.

"कमरेपर्यंत गार लागतंय," ती म्हणाली. थोडं पुढे जाऊन, "तेवढंच. वाढत नाही, कमीही होत नाही." मधोमध पोचायला एक फरशी उरली तेव्हा म्हणाली, "मघाशी मधोमध काहीच लागलं नव्हतं. आता तरी कमी व्हायला हवं होतं." पुढचं पाऊल टाकलं आणि थांबली.

बाईंनी हाक मारली. सून पाठमोरी उभी, वळेना.

बाई सवयीप्रमाणे भिंतीकडेने गेल्या, काटकोनात वळल्या, सरळ ओळीने मध्यापर्यंत आल्या. तिथे कुणी नव्हतं. फरशी कोमट होती. त्यांनी हात फिरवून बघितला, तर हाताला नुसती पंख्याची हवा.

दारात मास्तर उभा होता. "बाई, तुम्ही थेट तिच्या अंगातच शिरलात."

"ती आहे तिथे?"

"तुमच्याच जागी उभी आहे."

बाई पुन्हा दाराच्या कोपऱ्यात आल्या. तिथून सून दिसत होती, तशीच. जन्मभर ज्या वाटेला त्यांनी पाय लावला नव्हता, त्या रेघेवर बाईंनी पाय ठेवला. गारवा कमरेला भिडला आणि तेवढाच राहिला. कमरेच्या वर दालन रिकामं. खाली मात्र दाटी. कपड्यांच्या कडा मांड्यांना घासत होत्या, जत्रेतून वाट काढावी तशा. एका कडेची दुमड बोटांना लागली. ती टीप बाईंच्या ओळखीची होती. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी एक शिवणारी दुपारी पाणी प्यायला म्हणून उठली होती, ती परत आली नाही. घरी गेली असेल, असं सासू म्हणाली होती. बाईंनी खाली बघितलं नाही.

सुनेचं मनगट हाती आलं. तिचा चेहरा भिजलेला होता.

"मी ओरडत होते. तुम्ही माझ्यातून निघून गेलात."

"आता गप. रेघ सोडू नकोस."

निघाल्या, तर सुनेचा झगा मागून ताणला गेला, कुणी कापडाचा अंदाज घ्यावा तसा, हळूच. बाईंनी कमरेची कात्री काढली आणि न बघता कचकन कापलं. मागे कुणीतरी ते कापड मायेने घडी घालावं तसा आवाज आला.

दारापाशी पोचल्यावर सून खाली बसली. मास्तराने पाणी आणलं. ते आधी बाईंनी घेतलं, मग तिला दिलं. तिचं मनगट मात्र सोडलं नाही.

"गणित तुझं बरोबर निघालं," बाई म्हणाल्या, "ते मी चारचौघांत सांगेन. पण मला काठावर उभी करून एकटी आत गेलीस, हे चुकलं तुझं. माझं माणूस मला डोळ्यांनी दिसतंय आणि हाताला लागत नाही, हे यापुढे मी खपवून घेणार नाही. उद्यापासून या दालनात माझं बोट धरून चालायचं. लोक हसले तर सांग, सासू खाष्ट आहे."