एका ओढीत सहा सूर

एकाहत्तरची दिवाळी आठवड्यावर आली होती आणि गोरक्षला वाटत होतं, आपण गड जिंकलाच. नगरच्या ऑर्केस्ट्राचे मालक शरच्चंद्र मास्तर यांनी आठ महिन्यांपूर्वी आपली जादाची इलेक्ट्रिक गिटार त्याच्या हाती दिली, ती एका अटीवर. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, एकाच ओढीत सहाही तारांवरून न्यायची, अन् सहा सूर सुटे सुटे पडले पाहिजेत. दिवाळीआधी परीक्षा. जमलं तर ऑर्केस्ट्रात जागा आणि गिटार त्याची. नाही जमलं तर गिटार परत. त्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती.

पठ्ठ्यानं तहानभूक विसरून सराव केला. पण गावात वीजच नाही, तिथं ॲम्प्लिफायर कुठला! वायर न जोडलेल्या कोरड्या गिटारीवर सहाही सूर कसे झक्क सुटे वाजायचे.

परीक्षेच्या दुपारी नगरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच वायर जोडली, पिक ओढली आणि बाप रे! सहाही तारा एकदम बोंबलल्या. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्या उरावर. तबलजी बन्सी फिदीफिदी हसला.

"कोरडी गिटार लबाड असते लेका," मास्तर म्हणाले. "व्हरांड्यात चहा घेऊन येतो. तेवढा वेळ तुझा. मग गिटार ठेव आणि गाव गाठ."

गोरक्षनं पुन्हा ओढली, पुन्हा गोंधळ. जितका घाबरला तितका हात पळाला. बाहेर कपबशा वाजू लागल्या.

दाराशी त्याची बायको चांगुणा बसली होती. सुरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण पेरणीच्या दिवसांत बैलांच्या पाभरीमागं चालत मुठीनं बी सोडायला पंचक्रोशीतून तिलाच बोलावणं यायचं. ती तरातरा आत आली.

"आवो, बैल कशाला पळवताय?"

"कसले बैल? इथं माझा जीव चाललाय अन् तुला बैल सुचतात!"

"तुमचा उजवा हात म्हंजी बैल. त्यानं एका चालीनं जायचं. बी सोडायचं ते डाव्या बोटांनी. एक दाना पडला की त्याला तिथंच आडवायचं, मंग दुसरा. तुमची बोटं तर तारांना चिकटूनच बसत्यात. मंग बी दाटनार न्हाई तर काय व्हईल?"

गोरक्ष चिडला. तरी त्यानं उजवा हात सावकाश सोडला आणि एकेक सूर निघताच डाव्या हाताचं बोट सैल केलं. तार गप्प झाली. दुसरीही झाली.

मास्तर आत आले. "हं, वाजव."

सहा सूर पडले, सुटे. बन्सीचं हसू मावळलं.

"पुन्हा."

पडले.

"पुन्हा."

पडले. मास्तरांनी हात पुढे केला. "आण ती गिटार इकडे."

गोरक्षला वाटलं, संपलं म्हणजे! त्यानं पट्टा काढून दिला. मास्तरांनी गिटार स्वतःच्या गळ्यात घातली, डोळे मिटले आणि पिक ओढली.

सहाही तारा एकदम बोंबलल्या.

मास्तरांनी पुन्हा ओढली. तेच. त्यांची कानशिलं लाल झाली. त्यांनी गिटार काढली, गोरक्षच्या गळ्यात परत अडकवली आणि ते चांगुणाकडे वळले.

"वहिनी, बाहेर मला अर्धंच ऐकू आलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ते बैलाचं जरा पुन्हा सांगता?"