अंगठा उडाला तेव्हा

मी तोंडाळ बाई, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणाची भीडभाड ठेवत नाही. पण त्या दिवशी दवाखान्यात माझी दातखीळ बसली होती.

लेक खुर्चीत डोकं टेकून बसली होती. भूगोल शिकवणारी माझी पोरगी, पण पाच महिने तिने शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, गुण शून्य. मग हे मशीन. डोक्याला चुंबक लावायचं, की आत मेंदूत हलकी वीज खेळते. ना सुई, ना टाका. जावयाने चार ठिकाणी चौकशी करून नंबर लावला होता. "आई, याने नक्की फरक पडेल," तो सारखा म्हणत होता, मला कमी आणि स्वतःला जास्त.

फॉर्म त्यानेच भरला, लेकीला एकेक विचारत. पूर्वी कधी फिट आली होती का? लेक म्हणाली, "नाही." मी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच बंद केली.

तिला कसं माहीत असणार? पाच वर्षांची होती. दोन वर्षांत चार वेळा आली, मग औषधाने थांबली. तिचे बाबा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, उद्या पोरीला स्थळं बघायचीत. ते गेले, मूठ माझ्याकडे राहिली. आता उघडावी तर जावई काय म्हणेल? आणि मशीनच नाकारलं तर माझी पोर जगेल कशावर? पंचवीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होतंय, असं मी मनाला दटावलं.

डॉक्टरीणबाई चुंबक डोक्यावर जरा जरा सरकवत होत्या. टक्. टक्. आणि लेकीचा उजवा अंगठा टुणकन उडाला.

"घाबरू नका हं. किती जोर लागेल, ते अंगठ्यावरून कळतं," त्या म्हणाल्या.

टक्. पुन्हा उडाला. अगं बाई! अस्साच हात उडायला लागला होता तिचा, स्वयंपाकघरात फरशीवर, आणि मग सगळं अंग.

"चला, आता सुरू करू."

"थांबा! बंद करा ते मेलं मशीन!" मी किंचाळले. "हिला लहानपणी फिट यायच्या. मी लपवलं."

डॉक्टरीणबाईंनी चुंबक बाजूला केलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आज नको. आधी मेंदूचा आलेख काढू. मग देता येईल, कदाचित नाहीही येणार."

"आई, मी तुमच्यासमोर 'नाही'वर खूण केली होती," जावई एवढंच बोलला.

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. "म्हणून मला पोहायला पाठवलं नाहीस?"

"हो."

"सायकल? सहली?"

"हो गं."

"मला वाटायचं, मी मुळातच कुचकामी आहे. आणि तुलाही ते माहितीय." तिचा आवाज चढला. "आयुष्यभर मला हेच वाटत आलं, आई!"

जिवापाड जपलं म्हणून मिरवत होते मी. तिला जवळ घ्यायला गेले, तर तिने हात झटकला.

"रडू नकोस. सांग. पहिल्यांदा झालं तिथपासून सांग, आणि काही गाळू नकोस."

जावयाने माझ्यासाठी स्टूल ओढलं. मी बसले.

"तू पाच वर्षांची होतीस," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात फरशीवर बसली होतीस, आणि तुझा हात उडायला लागला." ती माझ्याकडे वळून बसली.