चिरंजीवांची हजेरी

महासाथीत कॉलेज घरी आलं, तेव्हा चिरंजीव पांघरुणात होते. पहिला तास साडेसातचा. पोराचं वर्ष वाया जायला नको म्हणून आईने त्यांच्या मोबाइलवर ‘हजर सर’ एवढंच टाइप केलं. कुणाचंच नेट धड नसल्याने कॅमेरे बंद ठेवायची मुभा होती. चिरंजीव म्हणाले, “उद्यापण टाक गं.”

आई घरी शिवणकाम करायची. सध्या मास्कच मास्क. मशीन चालवता चालवता ती तास ऐकू लागली. दुसऱ्या आठवड्यात सरांनी मागणी-पुरवठ्याचं उदाहरण विचारलं. आईने टाइप केलं, “इलॅस्टिक. गेल्या महिन्यात दुकानदार ओळख दाखवत नव्हता, आता घरी आणून देतो.” सरांना भरून आलं.

मग वर्गाच्या ग्रुपवर चिरंजीव लोकप्रिय झाले. ते सगळ्यांना जेवलात का विचारायचे. एकाचं बहिणीशी असलेलं भांडण त्यांनी मिटवलं. फोटोच्या जागी मांजर लावलेली एक मुलगी तर रोज त्यांच्याशी बोलू लागली. तिचे बाबा शेजारच्या खोलीत तापाने पडले होते, आणि तिला दारातून ताट सरकवताना रडू यायचं.

एका दुपारी चिरंजीवांनी हे सगळं सलग वाचलं. ते मांजरवालीच्या प्रेमात पडले. त्याहून धक्का म्हणजे, मांजरवालीला आवडणारा मुलगा ते स्वतःच होते. आपण इतके चांगले असू, ही शंका त्यांना आजवर आली नव्हती.

त्यांनी स्वतः उत्तर पाठवलं, “ओके.”

ताबडतोब विचारणा आली, “तुला बरं नाहीये का?”

“आई, यापुढे तिच्याशी मी बोलणार,” चिरंजीव म्हणाले. “माझी मैत्रीण आहे ती.”

“तुझी? तिच्या बाबांचा ताप कधी उतरला सांग.”

“...उतरला?”

“मंगळवारी. बाजूला हो, मशीनवर सावली पडतेय.”

“पण नाव माझं आहे ना.”

“नाव मीच ठेवलंय,” आई म्हणाली.

वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “वाद घालू नकोस. मी वीस वर्षं घालून बघितलाय.”

निर्बंध सैल झाले आणि मांजरवालीने कळवलं, “रविवारी येते. तुला बघायचंय एकदा.” आता चिरंजीवांची झोप उडाली. तिला आपण पसंत पडायला हवं होतं आणि अभ्यास तर काहीच नव्हता. आईने तीन दिवस उजळणी घेतली. बाबांचं औषध, मावशीचा स्वभाव, मांजराचं वय. चिरंजीव घोकत राहिले.

रविवारी अकरा वाजता ते मास्क लावून फाटकाशी उभे राहिले. ती आली, दोन हात लांब थांबली.

“ओळख, बाबांनी आज काय केलं?”

हे उजळणीत नव्हतं. “जेवलीस का?” चिरंजीव म्हणाले.

“अकरा वाजता?” ती त्यांच्याकडे बघत राहिली. “तू तो नाहीस.”

थाप मारता आली असती. पण जो मुलगा तिला आवडत होता, त्याने ती मारली नसती, एवढं चिरंजीवांना वाचून कळलं होतं. “नाही,” ते म्हणाले. “ती आई होती. मी झोपलेलो असायचो.”

तिने वर पाहिलं. खिडकीत गळ्यात टेप अडकवलेली एक बाई उभी होती.

“काय रे,” ती वर बघून म्हणाली, “सांगायचं नाहीस?”

“सांगणारच होते गं. बाबा उठून बसले का?”

“जिना उतरले. एकटे.”

आईने पदराने डोळे टिपले. खाली चिरंजीव कुणाच्याच संभाषणात नव्हते. थोड्या वेळाने मुलीने त्यांच्याकडे बोट केलं. “आणि हे?”

“तो माझा मुलगा,” आई म्हणाली. “तुमच्याच वर्गात आहे. जरा बुजरा आहे, पण आत्ता खरं बोलला ना, तसा बरा आहे. बोलून बघ त्याच्याशी.”

मुलीने विचार केला. “उद्या साडेसातला उठणार का?” तिने विचारलं.

“बघतो,” चिरंजीव प्रामाणिकपणे म्हणाले.