अंगठ्याखालची जखम

"सदर प्रकार एका तरुण खेळाडूच्या वैयक्तिक अविचारातून घडला. संघनायक व व्यवस्थापन यांना त्याची कोणतीही पूर्वकल्पना नव्हती. संघाची संस्कृती निष्कलंक आहे."

मित्रांनो, हा चौकशी समितीचा निष्कर्ष. भाषा शुद्ध आहे, विरामचिन्हे जागच्या जागी आहेत; खोट काय ती अर्थात आहे. हे मी सांगू शकतो, कारण त्या कसोटी सामन्यातला जुना चेंडू तो मीच. समितीने खेळाडूंना विचारले, पंचांना विचारले, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. मला मात्र पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाठ करून चहा घेतला.

'वैयक्तिक' या शब्दाचेच पाहा. कसोटीत चेंडू एकाच्या हातात राहतो कुठे? फलंदाजाने सोडला की यष्टिरक्षकाकडे, तिथून स्लिपमध्ये, मग कव्हर, मिड-ऑफ, आणि फिरत फिरत गोलंदाजाकडे. जो तो मला मांडीवर घासतो, शिवणीवरून बोट फिरवतो. चामड्यावर दव उतरले आहे की नाही, हे डोळे मिटून सांगणारे हे हात. त्यांपैकी एकालाही माझ्या अंगावरची जखम लागली नाही, असे समिती म्हणते. इतकी सामूहिक बधिरता वैद्यकशास्त्राच्या पाहण्यात अजून आलेली नसावी.

माझा जन्म मेरठचा. एका म्हाताऱ्या कारागिराने बुचाच्या गाभ्यावर लोकरीचा दोरा गुंडाळला, लाल चामडे चढवले, हाताने शिवण घातली. मग तळहातावर तोलून तो मला म्हणाला, "जा बेटा, नाम कमाना." नाव मी कमावले. कोणत्या प्रकारचे, ते त्याच्या कानावर गेले नसेल, एवढीच आशा.

सामना आपल्याच देशात होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचे फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसले आणि मी थकलो. संघनायक होता कैवल्य. पुण्यात वाढलेला, मूळचा तुळजापूरच्या पुजारी घराण्यातला. संघात सर्वांत नवा होता सोमेश, तुळजापूर तालुक्यातल्याच अणदूरचा, किराणा दुकान चालवणाऱ्या शिवम्माचा मुलगा. आपल्या तालुक्याचा म्हणून कैवल्यनेच त्याला पुढे आणले, असे वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापले होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर सोमेशच्या बोटाला पट्टी दिसली. पट्टीखाली सोड्याच्या बाटलीच्या झाकणाचा दातेरी तुकडा होता. ती कोणी बांधली, हे मी पाहिले नाही. सुट्टीत मी पंचांच्या ताब्यात होतो. त्या तुकड्याने माझी एक बाजू खरवडताना सोमेश दोनदा थांबला, एवढे मात्र मला ठाऊक आहे. एक बाजू खडबडीत आणि दुसरी गुळगुळीत झाली की जुना चेंडूही हवेत अचानक वळतो. मीही वळलो. गडी बाद होऊ लागले. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सोमेश लांबच उभा होता.

पंचांना शंका आली. त्यांनी मला मागितले, तेव्हा कैवल्यने स्वतः मला त्यांच्यापुढे धरले. त्याचा अंगठा जखमेवर सपाट बसला होता आणि चांगली बाजू वर होती. "सीमारेषेबाहेरच्या फरशीवर आपटला, साहेब," तो हसून म्हणाला. पंचही हसले. कॅमेऱ्याने मात्र संध्याकाळी सोमेशच्या पट्टीखालचा तुकडा टिपला.

सोमेशवर दोन वर्षांची बंदी आली. कैवल्यने पत्रकार परिषदेत डोळे पुसले, मग तो निवृत्त झाला आणि दूरचित्रवाणीवर खेळभावनेविषयी बोलू लागला. मी कुणालाच नको होतो, म्हणून कुणीतरी मला सोमेशच्या सामानात कोंबले. ज्याच्या माथी दोष, त्याच्याच पिशवीत मुद्देमाल. व्यवस्था नीटनेटकी होती.

अणदूरला मी दुकानातले रद्दीचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसू लागलो. गिऱ्हाईक मला पाहून हसे.

"अक्का, पोराचा चेंडू कुरतडलेला. तागडी तरी सरळ हाय न्हवं?"

"तूच धर की तागडी," शिवम्मा म्हणे. "मी लांब हुबी ऱ्हाते."

गिऱ्हाईक ओशाळे, पण पुढच्या आठवड्यात दुसरे कुणी तेच विचारी.

बंदी सरली. सोमेशला आता खेळायचे नव्हते. शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवायचे होते. तो रोज स्टंप रोवून उभा राही. मुले कुंपणापर्यंत येत आणि घरचे त्यांना हाक मारून परत नेत. "शिकवंल की, पर काय शिकवंल?" असे पारावर विचारले जाई. समितीचे ते एक वाक्य उभे होते, तोवर ते मैदान रिकामेच राहणार होते.

अशात गेल्या पौषात गावच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला कैवल्य आला. व्यासपीठावरून म्हणाला, "चुका होतात. सोमेशला मी केव्हाच माफ केलं आहे."

टाळ्या पडल्या. सोमेश मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात शिवम्मा ताट घेऊन व्यासपीठावर चढली. ताटात बेल होता, भंडाऱ्याचा ढीग होता आणि त्या ढिगात अर्धा रुतलेला मी.

"माफ केलं म्हनता, लई बरं केलं," ती म्हणाली. "आता बेलभंडारा उचला आन् म्हना, तुमाला ठावं नव्हतं."

बेलभंडारा हाती घेऊन खोटे बोलायचे नाही, ही खंडोबाची शपथ. पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. अणदूर आणि नळदुर्ग यांचा खंडोबा एकच. मूर्ती आळीपाळीने दोन्ही गावांत राहते, आणि पौषात ती नळदुर्गाला असते. कैवल्यने तेवढी पळवाट बरोबर शोधली.

"मावशी, देव तर सध्या नळदुर्गाला आहे ना?"

लोक खळखळून हसले. पुढच्या रांगेतले म्हातारे सिद्रामप्पा काठी टेकत उठले.

"देव गावाला गेला म्हून भंडाऱ्याची हळद झाली व्हय, साहेब? मंग आमी बी समदे खोटं बोलून घेतो की, देव यायच्या आत!"

हसू आणखी वाढले. पण आता त्याची दिशा बदलली होती.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा," शिवम्मा शांतपणे म्हणाली. "न्हाय उचलायचं तर न्हाय. ह्यो चेंडू तरी पोरांस्नी दावा, साहेब. लांबून आल्यात."

छायाचित्रकार पुढे सरसावले. सुटका झाल्यासारखा कैवल्य हसला, त्याने मला उचलले आणि उंच धरले. चांगली बाजू मुलांकडे होती. माझ्या अंगावर जागा पुष्कळ होती, मित्रांनो. त्याचा अंगठा न पाहता, न चाचपता, थेट जखमेवर जाऊन सपाट बसला.

"साहेब," शिवम्मा म्हणाली, "अंगठा काढा."

त्याने आपल्या हाताकडे पाहिले. अंगठा, तळवा, मनगट, सारे पिवळे झाले होते.

"उचलला की भंडारा," सिद्रामप्पा हळूच म्हणाले. "आता बोला."

चामडे ओलीत ठेवू नये, त्याला कोरडे फडके लावावे, हे तुम्हांला कोणीही शिकवील. मी दमलेला चेंडू आहे. माझी विनंती एवढीच की, तुमच्या संघात जो सर्वांत नवा असेल, त्याचा हात जपा. त्या हातात आपण काय ठेवतो, ते आधी पाहा. समितीचे वाक्य वर दिलेच आहे. संघनायकाचे, ध्वनिक्षेपकावरून साऱ्या अणदूरने ऐकलेले, शब्दशः असे:

"मला माहीत होतं. झाकणाचा तुकडा मी आणला, पट्टी मी बांधली. सोमेश नको म्हणत होता. मी त्याला म्हटलं, संघात जागा टिकवायची असेल तर हात पुढे कर."