पाठमोरा त्रिकोण

शुक्रवारी पाचच्या आत माझ्या पडद्यावर त्रिकोण दिसला नाही, तर संगणकावर चित्रं काढण्याच्या वर्गातून माझं नाव कमी होणार होतं. डॉ. ओफोरिवा बाईंनी ते हळू आवाजात सांगितलं होतं, आणि हळू आवाजात सांगितलेलं मला जास्त लागतं.

घानातल्या कुमासीजवळच्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्याच आवारात विद्यार्थी म्हणून परत आलो आणि पहिल्याच धड्याला अडकलो. धडा सोपा होता. यंत्राला तीन ठिपके सांगायचे, ते त्यांना जोडून रंग भरतं. पोरांचे त्रिकोण केव्हाच उगवले होते, ढोबळ आणि नारिंगी. शुक्रवार उजाडला तरी माझा पडदा काळाच होता.

"नाना, पडदा चालू आहे ना?" वर्गप्रमुख बोआडीनं विचारलं.

"आहे."

"मग चष्मा पुसून बघा."

मी पुसला. काही फरक पडला नाही. मग बाई आल्या आणि हनुवटीवर हात ठेवून त्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"त्रिकोण आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं तुमच्याकडे पाठ केलीय. पाठमोरा आकार यंत्र रंगवत नाही, कष्ट वाचवतं. तुम्ही त्याला काय केलंत?"

"काही नाही. ठिपके सांगितले."

"कुठून सुरुवात केलीत?"

"डावीकडून. डावा, मग वरचा, मग उजवा. वाचतो तसं."

मागच्या बाकावरच्या डुफीनं तोंडावर हात ठेवला.

"नाना," बोआडी म्हणाला, "मयताला जाता तेव्हा बसलेल्या लोकांना डावीकडून हात देत जाता का?"

कसा देईन? उजव्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे हाताचा तळवा समोरच्याकडे राहतो. डावीकडून गेलात तर लोकांना हाताची पाठ दिसते. आमच्याकडे हे चालायला लागलेल्या मुलालाही कळतं. पण ठिपक्यांनाही तोच मान द्यायचा असतो, हे माझ्या वाचनात आलेलं नव्हतं.

"आत्ता बदलतो," म्हणून मी हात पुढे केला. बाईंनी मनगट धरलं.

"आधी माफी. ज्याचा अपमान केला त्याच्या घरात असं परत घुसतात का?"

आमच्याकडे माफीला जिनची, म्हणजे दारूची, बाटली लागते. आवारात दारू चालत नाही, म्हणून बिननशेच्या माल्ट सरबताची आणली. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. रुसलेल्या माणसाशी थेट बोलायचं नसतं, म्हणून बोआडी मध्यस्थ झाला. फळ्याची लांब पट्टी मध्यस्थाच्या काठीसारखी धरून तो पडद्याशेजारी उभा राहिला. मी त्याच्या कानात म्हणालो, "चुकलो म्हणावं."

बोआडीनं घसा साफ केला. "नाना म्हणतात, ते पुस्तकांत वाढले. पुस्तकं डावीकडून सुरू होतात. घरचं वळण त्यांना होतं, पण या टेबलापर्यंत येता येता ते वाटेत कुठंतरी सांडलं."

"मी असं म्हणालो नाही."

"अर्थ तोच," माझ्याकडे न बघता तो म्हणाला आणि पडद्याला कान लावला.

"काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"विचार करतोय."

भिंतीवरचा काटा पाचाकडे सरकत होता. "वीज गेली तर?" डुफी कुजबुजली.

"या म्हणतो," शेवटी बोआडी म्हणाला.

मी चपला काढल्या. आधी उजवा ठिपका लिहिला, मग वरचा, मग डावा. प्रत्येकाला मनात नमस्कार केला आणि कळ दाबली. त्रिकोण वळला. नारिंगी, आणि तोंड माझ्याकडे.

मला वाटलं, सुटलो. पण बाईंनी हजेरीचा कागद उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं होतं. "पाहुण्याला पाणी दिलं का?"

त्रिकोणाच्या वतीनं डुफीनं पाण्याची पिशवी कोपऱ्यात दातानं फोडून मला दिली. "कीबोर्डपासून लांब," बाई म्हणाल्या. मी प्यालो. मग बोआडीनं पट्टी जमिनीवर टेकवली.

"इथं सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही होतात. काय काम काढलंत?"

पाणी झालं की हे प्रत्येक घरात विचारतात, आणि प्रत्येकाकडे उत्तर असतं. माझ्याकडे नव्हतं. या वयात मला कुठली नोकरी मिळणार नव्हती, पदवी कुणाला दाखवायचीही नव्हती. प्रवेश घेताना मला हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. काटा पाचावर टेकत आला होता. खरं सांगितलं तर हसतील, आणि खोटं मला जमत नाही.

"काम काही नव्हतं," मी बोआडीला म्हणालो. "बघायला आलो होतो."

यावेळी बोआडीनं पदरचं काहीही घातलं नाही. माझं वाक्य तसंच्या तसं पुढे दिलं. सगळे पडद्याकडे पाहत राहिले. त्रिकोण होता तिथंच होता.

"बसा म्हणतो," बोआडी म्हणाला.

बाईंनी माझ्या नावावरचं बोट उचललं.

"सोमवारी चौकोन," त्या म्हणाल्या. "तो दोन त्रिकोणांचा असतो, आणि मधल्या भिंतीवरून त्यांचं पटत नाही. नाना, दोन बाटल्या आणा."