मुंग्या

ते फडकं ओट्याच्या खणात, तिनं काल कोंबलं होतं तसंच होतं... निळ्या चौकटींचं, टोकांना अजून गाठीच्या चुण्या. सासूबाई ते फ्रिजच्या मुठीला बांधून ठेवायच्या. काल पाहुणे यायचे म्हणून तिनं सोडून टाकलं — बरं दिसत नाही, एवढंच कारण. आता ते हातात धरून ती उगाच उभी होती, कारण आतल्या खोलीत जायचं म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार.

कितीतरी दिवस त्या सांगत होत्या. "अगं, मुठीला हात लावला की मुंग्या येतात." तिनंही हात लावून पाहिला होता, पायात रबरी चप्पल, काही जाणवलं नाही. मग हसून म्हणाली, "आई, तुम्हालाच बरा चावतो तो!" आणि ते वाक्य घरभर झालं — मुलगी विचारायची, आजी, आज चावला का गं; शेजारणीलाही तिनं तिखटमीठ लावून सांगितलं — आणि सासूबाईही हसायच्या, पण जरा उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं का? दिसलं होतं.

आज सकाळी फरशी नुकतीच पुसलेली, त्या अनवाणी. दूध काढायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. आवाज नाही. बोटं मुठीवर आवळलेली, कोपर थरथरतंय... आणि मी काय केलं? भाजी चिरता चिरता म्हणाले, "काय आई, आज जास्तच चावला वाटतं?"

उत्तर आलं नाही म्हणून तिनं वर पाहिलं. धावली, त्यांना ओढायला हात पुढे केला, आणि कसं कोण जाणे, मागे घेतला. दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हात लावला असतात तर तुम्हीही चिकटला असता, शाबास. शाबास... दुसऱ्याच्या मापाचा कपडा घालून वावरावं तसा तो शब्द दिवसभर अंगावर.

संध्याकाळी नवऱ्यानं फ्रिज पुढे ओढला. मागची वायर पत्र्याला घासून सोलली होती, आणि बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. "बरेच दिवस पत्र्यात करंट उतरत असणार," तो खोलीच्या दारात येऊन म्हणाला. "आधी कुणाला काही जाणवलं नव्हतं?"

पलंगावर सासूबाई, तळहाताला पट्टी.

"नाही," ती म्हणाली. इतक्या सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. "माझेच पाय ओले होते रे. जा, जेवून घे."

जेवणं झाल्यावर हातातलं फडकं ओट्यावर ठेवून ती अखेर आत गेली. त्या जाग्या होत्या. आता चांगलं फैलावर घेतील, तिला वाटलं, चार शब्द सुनावतील, म्हणजे सुटले एकदाची... आणि सुटण्याची ही घाई तिला आणखीच लाजिरवाणी वाटली.

"आई..." ती पलंगाशी टेकली. "दुखतंय का?"

"थोडं," त्या म्हणाल्या, आणि कूस बदलली.

या वेळी तिनं लगेच विश्वास ठेवला. कुठे, किती, विचारावंसं वाटलं. पाठमोऱ्या त्या अंगाकडे ती बघत राहिली — थोडं म्हणजे खरोखर किती, हे त्यांनी आता मला का म्हणून सांगावं?